चहाचे झाड पुण्यात कुंडीत जगते का? घरचा चहा आणि पाना-फुलांची पेये यांविषयी प्रश्न

प्रश्न : तिसरा मजला, पुणे

नमस्कार. आमच्या इमारतीच्या गच्चीवर मला साधारण दीडशे चौरस फूट जागा वापरायला मिळाली आहे आणि गेली चार वर्षे तेथे मी पालेभाज्या, मिरच्या आणि थोडी फुलझाडे लावत आलो आहे. गेल्या वर्षापासून एक गोष्ट मनात घर करून बसली आहे : घरात रोज लागणाऱ्या चहापैकी निदान काही भाग तरी स्वतः पिकवावा आणि स्वतः तयार करावा. याचे कारण माझी आई. तिचे वय ७४ आहे. दिवसाकाठी पाच वेळा चहा घेण्याची तिची सवय जुनी आहे आणि आता रात्री झोप लागत नाही म्हणून डॉक्टरांनी दुपारनंतरचा चहा बंद करायला सांगितला आहे. चहा चुकला की तिला फार हुरहुर वाटते. हातात गरम कप असावा, त्याला छानसा वास असावा आणि चौघांत बसून तो प्यावा, एवढेच तिचे म्हणणे आहे. ती रक्तदाबाची गोळी रोज घेते, हेही येथे सांगून ठेवतो.

आतापर्यंत मी दोन प्रयत्न केले आणि दोन्ही फसले. पहिला प्रयत्न खऱ्या चहाच्या रोपाचा होता. एका रोपवाटिकेतून फूटभर उंचीचे रोप आणून पंधरा इंची कुंडीत लावले. कुंडीत आमचे नेहमीचे मिश्रण होते, म्हणजे काळी माती, शेणखत, थोडी राख आणि अंड्यांच्या टरफलांचा चुरा. पाणी इमारतीच्या बोअरवेलचे. दोन महिन्यांत नवी पाने फिकी पडू लागली. शिरा तेवढ्या हिरव्या आणि मधला भाग पिवळा, शेंड्याकडे तर जवळजवळ पांढुरका, अशी जाळी प्रत्येक कोवळ्या पानावर दिसत होती. खत कमी पडले असावे असे वाटून मी आणखी शेणखत आणि राख घातली. एप्रिलमध्ये पानांच्या कडा करपल्या आणि मे संपण्यापूर्वी रोप वाळून गेले.

दुसरा प्रयत्न गवती चहाचा. तो मात्र जोमाने वाढला. वर्षभराची बेगमी करावी म्हणून जुलैत मी तीन मोठ्या जुड्या कापल्या, पात्यांचे बोटभर तुकडे केले, दोन दिवस घरातच पंख्याखाली पसरले आणि काचेच्या बरणीत भरले. दहा दिवसांनी झाकण उघडले तेव्हा कुबट वास आला आणि तळाच्या तुकड्यांवर पांढरी बुरशी धरलेली दिसली. सगळे टाकून द्यावे लागले.

माझे प्रश्न असे आहेत. खरा चहा पुण्याच्या हवेत कुंडीत जगू शकतो का, आणि जगलाच तर खुडलेल्या पानांपासून घरी चहा कसा करतात? ते शक्य नसेल तर आईसाठी कोणत्या वनस्पती लावाव्यात, त्या कशा वाळवाव्यात आणि त्यांचे पेय नेमके कसे करावे? ज्यांनी हे स्वतः केले आहे त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

उत्तर : बागानातला माणूस, नाशिक

मी वरच्या आसामात, जोरहाट जिल्ह्यात, एका चहाबागेच्या कारखान्यात सव्वीस वर्षे काम केले आणि निवृत्तीनंतर नाशिकला आलो. आपल्या रोपाच्या पानांचे वर्णन वाचताच ते कशाने गेले हे कळले, म्हणून आधी त्याविषयी लिहितो.

शिरा हिरव्या राहून मधले पान पिवळे पडणे हे लोह न मिळाल्याचे लक्षण आहे. मातीत लोह नसते असे नाही. मातीचा सामू (पीएच, म्हणजे आम्लपणा दाखवणारा आकडा; तो जितका कमी तितकी माती आम्ल) चढा असला की ते लोह मुळांना घेता येत नाही. चहाला ४.५ ते ५.५ एवढ्या सामूची, म्हणजे चांगलीच आम्ल माती लागते. आपली काळी माती बहुधा चुनखडीची असते आणि तिचा सामू साडेसातच्या पुढे असतो. त्यात राख आणि अंड्याची टरफले पडली, म्हणजे सामू आणखी वर गेला, आणि बोअरवेलच्या जड पाण्याने रोजच्या रोज त्यात भर टाकली. टोमॅटोला आणि मेथीला जे मानवते तेच चहाला विष ठरते. आपण काळजी घेण्यात कमी पडला नाहीत. दुसऱ्या झाडांना योग्य असलेली काळजी या झाडाच्या वाट्याला आली.

चहाचे मुख्य प्रकार दोन आहेत. चिनी प्रकाराचे पान लहान असते आणि तो थंडी सोसतो. दार्जिलिंग आणि हिमाचलातील कांगडा येथील जुन्या बागांत तो आढळतो. आसामी प्रकाराचे पान तळहाताएवढे मोठे होते आणि त्याला दमट उष्ण हवा मानवते. आसामात सिंगफो लोक हा चहा फार पूर्वीपासून वापरत होते. १८२३ मध्ये स्कॉटिश व्यापारी रॉबर्ट ब्रूस यांना तो त्यांच्याकडूनच कळला. न छाटल्यास आसामी चहाचा चांगला उंच वृक्ष होतो. बागेत आपण जे कमरेएवढे सपाट झुडूप पाहतो ते सततच्या छाटणीने राखलेले असते. पुण्यासाठी मी आसामी प्रकार सुचवीन. मात्र त्याला दुपारचे ऊन थेट लागता कामा नये. आसामातसुद्धा बागांमध्ये शिरीषवर्गातील सावलीची झाडे मुद्दाम राखतात. गच्चीवर हिरवी जाळी लावावी आणि मार्च ते मे या काळात पानांवर सकाळ-संध्याकाळ पाणी फवारावे. पहिली दोन वर्षे पाने खुडण्याचा मोह टाळावा आणि शेंडे छाटून झाड आडवे पसरू द्यावे. तिसऱ्या वर्षापासून खुडणी करता येते.

आता चहा तयार करण्याविषयी. हा माझ्या आयुष्यभराचा विषय असल्यामुळे थोडे विस्ताराने लिहितो. खुडायची असते ती मिटलेली कळी आणि तिच्याखालची दोन कोवळी पाने. तिसरे पान घेतले की चहा जाडाभरडा होतो. शंभर ग्रॅम ओल्या शेंड्यांपासून वीस-बावीस ग्रॅम चहा मिळतो आणि एका कपाला दोन ग्रॅम पुरतो, म्हणजे मूठ-दोन मूठ पानांत दहा कप झाले.

पाने खुडल्यावर ती धुऊ नयेत. सुपात किंवा सुती कापडावर एकेरी पातळ थरात, सावलीत, बारा ते अठरा तास कोमेजू द्यावीत. पाने पुरेशी कोमेजली हे ओळखण्याची खूण अशी : देठ वाकवला तर मोडत नाही, आणि मुठीत दाबलेली पाने मूठ उघडल्यावर लगेच फुलत नाहीत. मग ती दोन्ही तळव्यांमध्ये धरून, शेवयांचे पीठ मळावे तशा नेटाने वीस-पंचवीस मिनिटे वळावीत. पान फाटून चालेल, परंतु त्याचा रस बाहेर आला पाहिजे. तळवे चिकट झाले आणि त्यांना हिरवट तपकिरी रंग चढला, म्हणजे काम झाले. यानंतर पानांचा बोटभर जाडीचा थर ताटात पसरून त्यावर ओले, पिळलेले कापड झाकावे. पुण्याच्या साधारण हवेत दीड ते तीन तास पुरतात. या अवस्थेला कारखान्यात आंबवणे म्हणतात, पण येथे जंतूंचे काम नसते. पानातील रस आणि हवा यांची क्रिया होते, कापून ठेवलेले सफरचंद काळवंडते तशीच. ताटावर लक्ष ठेवावे. कापलेल्या गवताचा वास हळूहळू जातो आणि त्याच्या जागी पिकल्या फळासारखा गोडसर वास येतो, रंग तांब्याच्या भांड्यासारखा होतो. त्या क्षणी थांबायचे. अर्धा तास उशीर झाला तरी चहा निस्तेज होतो. शेवटी १०० ते ११० अंशांवर ओव्हनमध्ये वीस-पंचवीस मिनिटे, किंवा जाड बुडाच्या कढईत अगदी मंद आचेवर सतत हलवत, पान बोटांत चुरले जाईपर्यंत वाळवावे.

हिरवा चहा हवा असेल तर काम सोपे आहे. त्यात रंग बदलू द्यायचा नसतो, म्हणून पाने खुडल्याबरोबर मोदकपात्रात दीड-दोन मिनिटे वाफवावीत, पसरून थंड करावीत, हलक्या हाताने वळावीत आणि वाळवावीत. वाफेमुळे पान काळवंडवणारे द्रव्य निकामी होते.

एक गोष्ट आधीच सांगणे माझे कर्तव्य आहे. आपल्या घरांत जो दाणेदार चहा असतो तो १९३० च्या दशकात आसामात पुढे आलेल्या सीटीसी पद्धतीचा आहे. तीत दातेरी रुळांमधून पान चिरडून, फाडून, वळवून त्याच्या गोळ्या करतात, आणि म्हणूनच तो दुधात उकळला तरी कडक लागतो. हाताने वळलेल्या पानांचा चहा दुधात हरवून जातो. तो नुसत्या गरम पाण्यात, तीन मिनिटे झाकून ठेवून प्यावा. शिवाय त्यात उत्तेजक द्रव्य असणारच, त्यामुळे आपल्या मातोश्रींच्या संध्याकाळच्या कपावर हा उपाय नाही. तो सकाळसाठी ठेवावा.

उत्तर : जांभ्यावरची बाग, दापोली

वरील उत्तराशी मी पूर्ण सहमत आहे. आमच्याकडे चहाची सहा झाडे आहेत, त्यामुळे कोकणचा अनुभव मांडते. आमची जांभ्याची तांबडी माती मुळातच आम्ल, शिवाय पाऊसही भरपूर, म्हणून चहा येथे आपोआप येईल अशी माझी समजूत होती. पहिल्याच पावसाळ्यात चारपैकी तीन रोपे गेली. चहाला पाऊस हवा असतो, परंतु मुळाशी साचलेले पाणी तो आठवडाभरही सोसत नाही. पुढच्या वर्षी आंब्याच्या सावलीकडेला, उताराच्या बांधावर, हातभर उंच गादीवाफे करून रोपे लावली. त्यातली सहा आज कमरेएवढी आहेत. ऑक्टोबरच्या सुमारास त्यांना पांढरी, मधोमध पिवळ्या केसरांची फुले येतात. आदल्या वर्षीच्या फुलांची फळे त्याच वेळी पिकत असतात, त्यामुळे एकाच फांदीवर फूल आणि फळ दोन्ही पाहायला मिळतात.

आपल्या कुंडीसाठी माझा सल्ला असा आहे. काळी माती अजिबात घेऊ नका. दोन भाग जांभ्याची माती, दोन भाग पूर्ण कुजलेल्या पालापाचोळ्याचे खत, एक भाग नारळाच्या काथ्याचा भुसा आणि एक भाग जाड वाळू असे मिश्रण करा. वाळू नदीची असावी. शंख-शिंपल्यांचा चुरा असलेली समुद्राची वाळू नको, कारण तिच्यात चुना असतो. मातीचा सामू तपासण्याच्या पट्ट्या मिळतात, त्यांनी दर तीन-चार महिन्यांनी तपासणी करा. तो सहाच्या वर सरकू लागला तर कुंडीला चमचाभर गंधकाची भुकटी मातीत मिसळा. तिचा परिणाम दिसायला दोन-तीन महिने लागतात, म्हणून घाई करून पुन्हा पुन्हा घालू नका. बोअरवेलचे पाणी पूर्ण बंद करा. पावसाचे पाणी पिंपात साठवून ठेवता आले तर उत्तमच, नाहीतर नळाचे धरणाचे पाणी द्या. कुंडी मातीची आणि खोल असावी, कारण चहाचे सोटमूळ सरळ खाली जाते. कुंडीच्या तोंडाशी वाळक्या पानांचे दोन बोटे जाड आच्छादन वर्षभर ठेवा.

सहा झाडांच्या एका खुडणीत मला साठ-सत्तर ग्रॅम शेंडे मिळतात, आणि पावसाळ्यात अशी खुडणी दहा-बारा दिवसांनी करता येते. यातून घराची गरज भागत नाही. परंतु रविवारी सकाळी आपल्या झाडाचा एक कप प्यायला मिळतो आणि माझ्या मते एवढ्यासाठीसुद्धा हे झाड लावण्यासारखे आहे.

उत्तर : औषधीनिर्माण शिकवते, सांगली

आपल्या मातोश्रींच्या संध्याकाळच्या कपाविषयी मी लिहिते. आपण सगळेच पानाफुलांच्या कोणत्याही पेयाला सरसकट काढा म्हणतो आणि मग प्रत्येक गोष्ट उकळत बसतो. आयुर्वेदात मात्र वनस्पतीचा गुण पाण्यात उतरवण्याच्या पद्धती वेगवेगळ्या सांगितल्या आहेत आणि त्यांना वेगवेगळी नावे आहेत. क्वाथ म्हणजे काढा. त्यात भरड औषधाच्या सोळापट पाणी घालून ते आठवा हिस्सा उरेपर्यंत आटवतात. फांटात चूर्णावर चौपट उकळते पाणी ओतून, झाकून, निवल्यावर गाळतात. हिमात सहापट गार पाण्यात रात्रभर भिजवून सकाळी कुस्करून गाळतात. ही प्रमाणे औषधाच्या मात्रेसाठी आहेत आणि घरच्या पेयाला एवढी तीव्रता नको. पण त्यामागचा विचार स्वयंपाकघरात तंतोतंत लागू पडतो. मूळ, साल आणि लाकूड कठीण असते, त्याला उकळी लागते. ज्याचा गुण वासात, म्हणजे उडून जाणाऱ्या तेलात असतो, त्याचा फांट करायचा. गवती चहा, तुळस, पुदिना आणि ओव्याची पाने ही सगळी फांटाची द्रव्ये आहेत. गवती चहा उघड्या पातेल्यात दहा मिनिटे उकळला की घरभर सुगंध दरवळतो आणि आपण खूश होतो, पण तेवढा सुगंध कपातून वजा झालेला असतो.

म्हणून असे करावे. एका कपाला गवती चहाची दोन लांब पाती घ्यावीत, ती स्वच्छ धुऊन कात्रीने बारीक कापावीत (पात्याची कड धारदार असते, बोटांनी ओरबाडू नये), त्यात तुळशीची पाच-सहा पाने चुरडून घालावीत, आल्याची एक पातळ चकती ठेचून घालावी आणि वरून उकळते पाणी ओतून सात-आठ मिनिटे घट्ट झाकावे. झाकण काढताना त्याच्या आतल्या बाजूला जमलेले थेंब परत कपात पाडावेत. सर्वांत जास्त वास त्या थेंबांतच असतो. आले थोडे अधिक तिखट हवे असेल तर ते आधी पाण्यात उकळून घ्यावे आणि पाने नंतर घालावीत.

तुळशीपैकी कृष्ण तुळशीला लवंगेसारखा तिखट वास असतो आणि राम तुळस सौम्य असते. मंजिऱ्या वेळच्या वेळी खुडल्या तर झाड पानांवर राहते, नाहीतर ते बी धरून लवकर जून होते. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा फांट दिसायला फार सुंदर होतो आणि लिंबाचे चार थेंब पडले की डोळ्यांदेखत जांभळा होतो. त्याला स्वतःची चव जवळजवळ नसते, म्हणून तो गवती चहाबरोबर करावा.

आता काळजीच्या गोष्टी. मातोश्रींना रक्तदाबाची गोळी चालू आहे, तेव्हा त्यांच्या पेयात ज्येष्ठमध रोज घालू नये. ते गोड लागते, घशाला बरे वाटते, परंतु सतत घेतल्यास रक्तदाब वाढवते आणि शरीरातील पोटॅशियम कमी करते. रक्त पातळ करणारे औषध चालू असेल तर आले आणि तुळस रोज घेण्यापूर्वी डॉक्टरांना विचारावे. अडुळसा गरोदरपणात टाळावा. गुळवेल रोजच्या पेयात घालू नये. २०२० च्या अखेरीस मुंबईतील डॉक्टरांनी गुळवेलीचे सेवन केलेल्या काही रुग्णांमध्ये यकृताला इजा झाल्याचे नोंदवले होते. आयुष मंत्रालयाने त्यावर आक्षेप घेऊन गुळवेलीशी साम्य असलेल्या दुसऱ्या वेलीची गल्लत झाली असावी असे म्हटले होते. यातले काहीही खरे धरले तरी घरच्या माणसाने घ्यायचा बोध एकच आहे, की ओळख पक्की नसलेला वेल रोज उकळून पिऊ नये. आणि सदाफुली! मधुमेहावर म्हणून तिच्या पानाफुलांचा रस किंवा काढा घेणारी माणसे मला आजही भेटतात आणि मी प्रत्येकाला हात जोडून थांबवते. त्या झाडापासून विनक्रिस्टीन आणि विनब्लास्टीन ही कर्करोगावरची अत्यंत जहाल औषधे मिळतात. त्याची मात्रा घरात ठरवता येत नाही.

आणखी एक सूचना. गवती चहा म्हणून रोपवाटिकेत काही वेळा सिट्रोनेला दिले जाते. ते डास पळवण्यासाठी लावतात. त्याच्या बुडख्याला लालसर जांभळी झाक असते आणि चुरल्यावर लिंबापेक्षा साबणासारखा उग्र वास येतो. ते पिण्यासाठी वापरू नये. फुलवाल्याकडचे गुलाबही घेऊ नयेत, कारण त्यांवर फवारणी झालेली असते. पेयासाठी फूल आपल्या कुंडीतलेच असावे.

उत्तर : वऱ्हाडी अंगण, अमरावती

इतक्या चर्चेत अंबाडीचे नाव अजून आले नाही म्हणून लिहायला बसलो. आमच्याकडे अंबाडीची भाजी प्रत्येक घरात होते, परंतु लाल देठाच्या अंबाडीची बोंडेही तेवढीच कामाची आहेत. ज्याला आपण अंबाडीचे फूल म्हणून वाळवतो ते खरे म्हणजे फूल गळून गेल्यावर बोंडाभोवती राहिलेले लाल, मांसल निदलपुंज, म्हणजे फुलाच्या बुडाची बाहेरची आवरणे, असतात. गच्चीवर वीस लिटरच्या डब्यात एक झाड उत्तम येते. पेरणी मृगाच्या पावसाबरोबर करावी. ही वनस्पती दिवस लहान होऊ लागले की फुलते, म्हणून ऑगस्ट-सप्टेंबरात पेरले तर झाड वीतभर असतानाच फुलावर येते आणि हाती काही लागत नाही. महिन्याने एकदा शेंडा खुडावा, फांद्या वाढतात. फूल गळल्यानंतर तीन आठवड्यांच्या आत, बोंड टणक होण्यापूर्वी तोडावे, बुडाशी चाकूने गोल काप देऊन आतील हिरवे बोंड ढकलून काढावे आणि लाल भाग वाळवावा. किलोभर ताज्या बोंडांच्या पाकळ्या वाळून शंभर-सव्वाशे ग्रॅम भरतात. चार पाकळ्यांत एक कप गडद लाल, आंबट पेय होते. त्यात गूळ घालावा. या पेयात दूध घातल्यास ते फाटते. अंबाडीने रक्तदाब थोडा उतरतो असे दिसून आले आहे, म्हणून गोळी घेणाऱ्यांनी डॉक्टरांच्या कानावर घालूनच ते रोजचे करावे.

वाळवण्याबाबत आपली चूक जुलै महिना निवडण्यात झाली. पावसाळी हवेत पान वरवर वाळते, पण पात्याच्या मधल्या जाड शिरेत आणि बुडख्यात ओल राहते आणि बरणीत तीच बाहेर येते. गवती चहा मुळात ताजाच वापरावा. झाड बाराही महिने पात देत असताना साठवणीची गरज नाही. तरीही ठेवायचा असेल तर तो नोव्हेंबरात किंवा फेब्रुवारीत कापावा, बुडखा काढून टाकावा, पात्यांच्या सैल जुड्या बांधून सावलीत वाऱ्यावर उलट्या टांगाव्यात आणि पाते वाकवल्यावर कट्कन मोडेपर्यंत, म्हणजे साधारण आठवडाभर, हात लावू नये. तुळशीला चार-पाच दिवस पुरतात, गोकर्णाच्या फुलांना दोन-तीन. अंबाडीला मात्र थेट ऊन चालते. भरल्यानंतर बरणी दोन दिवस डोळ्यांसमोर ठेवावी. काचेला आतून जरासाही दमटपणा दिसला तर सगळे पुन्हा ताटात पसरावे. गवती चहाच्या पात्यांवर पावसाळ्यात तांबेऱ्यासारखे नारिंगी-तपकिरी ठिपके येतात, ती पाती वाळवू नयेत; ठोंब जमिनीपासून वीतभर उंचीवर कापून टाकावा, नवी पात स्वच्छ येते. दर दोन-तीन वर्षांनी ठोंब फोडून लावावा, नाहीतर मधला भाग वाळत जातो.

आपल्या आईंना दुधाचाच कप हवासा वाटत असेल तर पानाफुलांनी तो भागणार नाही, हे मी घरच्या अनुभवावरून सांगतो. माझी आई त्यासाठी गव्हाची कॉफी करत असे. वाटीभर गहू लोखंडी कढईत मंद आचेवर, अर्धा तास तरी, गडद तपकिरी होईपर्यंत भाजायचे, शेवटी त्यात दोन चमचे धने आणि चार वेलदोडे घालून परतायचे आणि गार झाल्यावर सुंठीसह रवाळ दळायचे. एका कपाला चमचाभर पूड पाण्यात पाच मिनिटे उकळायची, दूध घालायचे आणि गॅस बंद करून मगच गूळ घालायचा, म्हणजे दूध नासत नाही. यात झोप उडवणारे काही नसते, आणि भाजक्या गव्हाचा तो खमंग, किंचित कडवट घोट चहाची जागा पुष्कळशी भरून काढतो.

प्रश्नकर्ता : तिसरा मजला, पुणे

आपण सर्वांनी एवढ्या आपुलकीने लिहिले, त्याबद्दल मनापासून आभार. मातीचा सामू चढा असताना मी आणखी राख घालत राहिलो, हे आता वाचताना वाईट वाटते. गवती चहाचा फांट काल सांगितल्याप्रमाणे झाकून केला. आईने कप नाकाशी धरून बराच वेळ वास घेतला आणि मग विचारले की यात नवीन काय घातले आहेस. नवीन काहीच नव्हते. इतके दिवस आम्ही तो उकळून उडवत होतो. गव्हाची कॉफी या रविवारी करणार आहे आणि अंबाडीसाठी मृगाची वाट पाहीन. रक्तदाबाच्या डॉक्टरांना तुळस, आले आणि अंबाडी या तिन्हींविषयी विचारून घेतो.

चहाचे रोप मात्र पुन्हा लावायचे आहे. दापोलीकर ताईंना एक विनंती आहे. आपल्या झाडांची फळे पिकत असतील तर थोडे बी मिळू शकेल का? बियांपासून रोप करणे माझ्यासारख्याला जमेल का?

उत्तर : जांभ्यावरची बाग, दापोली

अवश्य पाठवीन. फळे ऑक्टोबरच्या अखेरीस तडकतात. चहाचे बी सुकले की मरते, म्हणून ते ओलसर काथ्याच्या भुशात गुंडाळून पाठवीन आणि आपणही पुडके हाती पडताच ते उघडा. बी एक दिवस पाण्यात टाका. तरंगणारे बाजूला काढा आणि बुडालेले तेवढेच ठेवा. ते ओल्या वाळूत, सावलीत, पातळ थरात पसरून वरून ओले गोणपाट झाका. तीन-चार आठवड्यांत काही बियांचे कवच तडकलेले दिसेल. तडकलेले बी उचलून, त्याचा डोळा (बीवरची लहानशी खूण) आडवा राहील अशा बेताने, आम्ल मिश्रणाने भरलेल्या उंच पिशवीत इंचभर खोल लावा आणि उरलेल्यांची आणखी महिनाभर वाट पाहा. वाळूसुद्धा आधी नळाच्या पाण्याने दोन-तीन वेळा धुऊन घ्या आणि बोअरवेलचे पाणी या कामात कोठेही येऊ देऊ नका.